चार मिनिटांच्या सर्व्हरवर कोण येऊन गेलं?

या ग्रुपवरचे अनुभव मी तीन वर्षं वाचतोय आणि खरं सांगतो, हसायला म्हणून वाचतोय. पांढरी साडी, पैंजण, चिंचेचं झाड... अरे काय लावलंय! माझा असल्या गोष्टींवर कधीच विश्वास नव्हता. घरात कुणी मंतरलेला धागा बांधायला आलं तर मी हात मागे घेणारा माणूस. आता मीच लिहायला बसलोय म्हटल्यावर तुम्ही हसणार. हसा. मला त्याहून वाईट गोष्टी ऐकायची तयारी करायची आहे.

आणि हो, यात अमावस्या नाही की ओसाड घाट नाही. सकाळचे अकरा वाजलेले, नांदेडला श्रीनगरमधलं माझं दहा बाय बाराचं ऑफिस, शेजारी शेखभाईंचं झेरॉक्सचं दुकान, एप्रिलचं ऊन, समोर लॅपटॉप. एवढंच.

मी वेबसाइट बनवतो. कॉलेजं, पतसंस्था, एखादा डॉक्टर... मराठवाड्यात जेवढं काम मिळतं तेवढं. सुरुवात लातूरला केली, सुमेधबरोबर. सुमेध वाघमारे, औशाचा. माझ्यापेक्षा सात वर्षांनी लहान, मला दादा म्हणायचा. बोलायचं काम माझं, सर्व्हरचं काम त्याचं. मला सर्व्हरमधलं जे काही येतं ते त्यानंच शिकवलंय.

ज्यांना यातलं कळत नाही त्यांच्यासाठी सांगतो. पूर्वी साइट चालवायची तर वेब सर्व्हर वेगळा बसवा, डेटाबेस वेगळा, पीएचपी वेगळं, मग ते एकमेकांशी बोलत नाहीत म्हणून डोकं धरून बसा. आता क्लाउडवाले, म्हणजे सर्व्हर भाड्यानं देणाऱ्या कंपन्या, तयार स्टॅक देतात. सगळं आधीच बसवलेलं, जुळवलेलं. बटण दाबा, दोन-तीन मिनिटांत कोरा करकरीत सर्व्हर उभा. ब्राउझरमध्ये त्याचा आकडी पत्ता, म्हणजे आयपी, टाकला की इंग्रजीत एक पान दिसतं — अभिनंदन, तुमचा सर्व्हर चालू आहे, वगैरे. जगात कुणीही तो स्टॅक घेतला तरी तेच पान.

सुमेधची एक पद्धत होती. सर्व्हर उभा राहिला की सगळ्यात आधी ते इंग्रजी पान उडवायचा आणि त्या जागी एकच ओळ लिहायचा: ‘चालू हाय. — सुमेध, औसा’. कारण या तयार स्टॅकांमध्ये कधी कधी मराठीची पार वाट लागते, अक्षरांच्या जागी नुसती प्रश्नचिन्हं येतात. त्याची ओळ नीट उमटली म्हणजे पुढचं काम करायला हरकत नाही. मी म्हणायचो, “अरे, ‘आहे’ लिही की. गिऱ्हाईकानं बघितलं तर?” तो म्हणायचा, “दादा, हाय ला हायच म्हणावं. गिऱ्हाईक बघायच्या आत म्या पुसतोच न्हाई का?” आणि पुसायचा. कधी विसरला नाही.

आता खरी गोष्ट. लातूर जिल्ह्यातली एक शिक्षण संस्था, नाव घेत नाही. तीन कॉलेजं, त्यातलं एक नांदेड जिल्ह्यात. त्यांच्याकडे तपासणीची कमिटी येणार होती आणि साइटचा पत्ता नाही. सुमेधनं सोळा दिवसांत उभी केली. सोळा दिवस तो पोरगा ऑफिसातच जेवला. पानाच्या तळाशी आम्ही दोघांची नावं टाकली, निर्मिती म्हणून. आधी त्याचं, मग माझं.

संस्थेचे सचिव साइट बघून खूश. मला चहा पाजला, पाठीवर थाप मारली आणि म्हणाले, “झकास झालंय. फक्त तळाचं एक नाव काढा.”

“कोणतं, सर?”

“तुमचं राहू द्या हो.”

मी कप खाली ठेवला तसे पुन्हा म्हणाले, “काय आहे दत्ताभाऊ, लोक पार तळापर्यंत वाचतात. आडनाव वाचतात. तुम्ही आपले आहात, तुम्हाला कळतंय ना?”

कळत होतं. न कळायला काय झालं? मी तिथल्याच मातीतला, ‘आपले’ म्हणजे कोण हे मला बालवाडीपासून माहीत आहे. मी काय करायला हवं होतं तेही मला कळत होतं. मी “हो सर” म्हणालो आणि संध्याकाळी नाव काढलं.

दुसऱ्या दिवशी सुमेध म्हणाला, “दादा, तळाला एकच नाव दिसायलंय.”

“टेंपररी आहे रे. कमिटी जाऊ दे, परत टाकू.”

त्यानं माझ्याकडे बघितलं. भांडला असता तर बरं झालं असतं. म्हणाला, “बरं. चहा सांगू का?” त्यानंतर तो विषय त्यानं काढला नाही, आणि मी तर मूग गिळूनच बसलो होतो.

वर्षभरानं सुमेधला ताप आला. चार दिवसांत गेला. तेहेतीस वर्षांचा होता. पुण्यानुमोदनाला औशाला गेलो तेव्हा त्याची बायको, ज्योतीवहिनी, सगळी माणसं पांगल्यावर मला म्हणाल्या, “भाऊजी, एकच काम हाय. ते कॉलेजच्या साइटवर यांचं नाव होतं म्हणत होते. प्रज्ञा शाळेत सांगती, माझ्या पप्पांनी कॉलेजची साइट बनवली. पोरी हसतात तिला. म्हणतात, तुझे पप्पा कॉम्प्युटर पुसायचे. तिला दाखवायचं होतं. मला सापडंना झालंय.”

प्रज्ञा तेव्हा सहावीत. दाराच्या चौकटीला टेकून ऐकत होती.

मी म्हणालो, “काहीतरी गडबडीत निघालं असेल, वहिनी. मी टाकतो परत.”

दोन वर्षं मी ते टाकलं नाही. वहिनी आरोग्य खात्यात आशाताई म्हणून काम करतात, दिवसभर पायाला भिंगरी. तरी महिन्या-दोन महिन्यांनी मेसेज यायचा, “भाऊजी, नावाचं बघितलं का?” मी अंगठा पाठवायचो. वेळ मारून नेण्यात मी कुणाला हार जाणार नाही.

आणि मी का टाकत नव्हतो, तेही सांगतो, नाहीतर तुम्ही कमेंटमध्ये विचारालच. माझी बायको त्याच संस्थेच्या नांदेडकडच्या कॉलेजात शिकवते. तासिका तत्त्वावर, संस्थेत नऊ वर्षं झाली. तिची पर्मनंटची फाईल सचिवांच्या टेबलावर. सुमेध गेल्यावर आम्ही लातूर सोडून नांदेडला आलो ते तिच्या त्या कॉलेजासाठी. बस, एवढंच कारण आहे. लई मोठं वाटतं ना? मलाही वाटायचं.

तर या एप्रिलमध्ये संस्थेची साइट नव्या सर्व्हरवर न्यायची होती. मी मुद्दाम दुसऱ्या क्लाउड कंपनीकडे खातं उघडलं. नवा लॅपटॉप, नवा पासवर्ड, नवं सगळं. सुमेधच्या काळातलं काहीही नाही. त्यांचा तयार स्टॅक निवडला, बटण दाबलं, तीन मिनिटांत सर्व्हर उभा. मी लॉगिन केलं.

लॉगिन केल्यावर अशा सर्व्हरवर एक ओळ येते, याआधी इथे कोण, कधी, कुठून आलं होतं. कोऱ्या सर्व्हरवर ती येत नाही. येणार कशी? आधी कुणी आलेलंच नसतं.

मला ती ओळ दिसली. सर्व्हरचं वय चार मिनिटं. ओळीतली वेळ सहा मिनिटांपूर्वीची. आणि पुढे आयपी... तो मी दोनदा वाचला. तो औशाचा आयपी होता. सुमेधनं घरी फिक्स, म्हणजे कधी न बदलणाऱ्या आयपीचं ब्रॉडबँड घेतलं होतं, आणि पाच वर्षं प्रत्येक सर्व्हरवर तो आकडा मी स्वतः परवानगीच्या यादीत टाकलेला. माझा मोबाईल नंबर विसरेन, तो आकडा विसरणार नाही.

पहिला विचार — हॅक झालं. सर्व्हर पाडला. दुसऱ्या देशातल्या डेटा सेंटरमध्ये नवा उभा केला. या वेळी लॉगिन केलंच नाही, सरळ ब्राउझरमध्ये आयपी टाकला.

इंग्रजी पान नव्हतं. पांढऱ्या पानावर एकच ओळ होती:

चालू हाय. —

डॅशच्या पुढे काही नाही. ना सुमेध, ना औसा.

मी आत जाऊन फाईल उघडली. तेवढीच अक्षरं. डॅश आणि फाईल संपली. पुसली. कंपनीचं मूळ पान परत टाकलं. ब्राउझर रिफ्रेश केला... चालू हाय, डॅश. पुन्हा पुसलं. पुन्हा तेच. च्यायला, डोळे फसवतायत का म्हणून मी शेखभाईंना हाक मारली.

शेखभाई हातातली झेरॉक्स तशीच घेऊन आले. चष्मा वर केला, वाचलं.

“चालू हाय. आगे डॅश है. नाम डालना भूल गए क्या दत्ताभाऊ?”

मी पुन्हा रिफ्रेश केलं. तीच ओळ.

“किसका है? तुम्हारा?”

“नाही.”

“फिर जिसका है उसका डालो ना जी. अधुरा बुरा लगता है,” म्हणाले आणि गिऱ्हाईक थांबलंय म्हणून गेले. त्यांना सुमेध कोण हे ठाऊकसुद्धा नव्हतं.

कंपनीच्या सपोर्टला स्क्रीनशॉट पाठवला. त्यांनी तोच आयपी त्यांच्याकडून उघडला आणि त्यांनाही तेच दिसलं. विचारलं, ही भाषा कोणती? मग म्हणाले, स्टॅक सगळ्यांना एकच दिला जातो, त्यात असं काही नाही, तुमच्याकडूनच काहीतरी झालं असेल. म्हणजे काखा वर.

त्या आठवड्यात मी साइट तिथेच चढवली. दुसरं काय करणार, मुदत संपत आली होती. साइटचं नाव टाकलं की साइट नीट दिसायची, नुसता आयपी टाकला की ती ओळ. मी दिवसातून वीस-वीस वेळा आयपी टाकून बघायचो. जेवताना, बायको बोलत असताना, संडासात बसून. शेवटी शनिवारी गाडी काढली आणि सरळ औसा गाठलं.

वहिनी नुकत्याच सर्वेक्षणावरून आल्या होत्या. मी पाणीसुद्धा न घेता विचारलं, “वहिनी, सुमेधचं इंटरनेट कोण वापरतं?”

“कुठलं इंटरनेट, भाऊजी? ते तवाच बंद केलं की.” त्यांनी शोकेसवरून मोडेम काढून दिला. वर धुळीचा थर. बाहेरची वायर खांबापासून कापलेली, टोक भिंतीला लोंबकळत होतं. मी गच्चीवर जाऊन हातात धरून बघितलं.

खाली आलो तर प्रज्ञा समोर. आता आठवीत. बापाचे डोळे जसेच्या तसे.

“काका, पप्पांचं नाव आलं का?”

वहिनी तिच्यावर ओरडल्या, “काकांना बसू तर दे!” आणि मला म्हणाल्या, “काय हाय, पुढच्या शनिवारी हिच्या शाळेत मोठ्या स्क्रीनवर काहीतरी दाखवायचंय. मॅडम म्हणाल्या, घरच्या माणसानं केलेलं काम दाखवा. ही म्हणती, मी साइटच दाखवणार. म्या म्हणलं, नाव नसल तर कशाला हसं करून घेती?”

मला काय झालं सांगता येत नाही. मी तिथेच, त्यांच्या पलंगावर लॅपटॉप उघडला. साइटच्या तळाशी माझ्या नावाच्या आधी लिहिलं — निर्मिती: सुमेध वाघमारे, औसा. सेव्ह केलं. लॅपटॉप पोरीकडे फिरवला.

तिनं मोठ्यानं वाचलं. मग परत वाचलं. वहिनींनी पदर तोंडाला लावला आणि आत निघून गेल्या, भांड्यांचा आवाज सुरू झाला. चहा होईपर्यंत प्रज्ञा ते पान वरखाली करत बसली होती, वर जायची आणि परत तळाला यायची. मला इतकं हलकं कधीच वाटलं नव्हतं, आणि स्वतःची लाजही तेवढीच वाटली. दोन वर्षं! काम होतं अर्ध्या मिनिटाचं.

चहा पिता पिता मी मोबाईलवर नुसता आयपी टाकला. इंग्रजी पान आलं. अभिनंदन, तुमचा सर्व्हर चालू आहे. ती ओळ गेली होती. मी बोट लावलेलं नाही.

इथे थांबलो असतो तर चांगला अनुभव झाला असता, नाही का? तुम्ही हात जोडल्याचे इमोजी टाकले असते. पण पुढे ऐका.

गुरुवारी सचिवांचा फोन आला. आवाज गोड.

“दत्ताभाऊ, साइट भारी पळतेय आता. ते तळाला काहीतरी जास्तीचं दिसतंय.”

“सर, तो वारलाय. त्याच्या मुलीला...”

“अरेरे. वाईट झालं. पण आपलं ठरलं होतं ना तेव्हा? आणि हो, तुमच्या मिसेसची फाईल या महिन्यात घेतोय मी. नऊ वर्षं झाली, माझ्या लक्षात आहे बरं.”

फोन ठेवला आणि मी बायकोला सांगितलं. वाटलं, ती तरी म्हणेल, नका काढू. तीही सुमेधच्या हाताला राखी बांधायची. ती खूप वेळ कणीक मळत राहिली. मग म्हणाली, “मला नका विचारू. तुम्हाला काय करायचं ते करा.” मला कळलं, आणि मी तिला दोष देत नाही. काढणारा हात माझा होता. शुक्रवारी दुपारी मी ते नाव दुसऱ्यांदा काढलं. पहिल्या वेळी निदान बटण दाबताना थोडं थांबलो होतो, या वेळी तेही नाही.

लगेच आयपी टाकून बघितला. मला खात्री होती, ती ओळ परत येणार. खरं सांगू? यावी असं वाटत होतं. छळावं त्यानं मला. इंग्रजी पान होतं. संध्याकाळी तेच. दुसऱ्या दिवशी तेच. त्यानंतर मी त्याच कंपनीकडे अकरा सर्व्हर उभे केले आणि पाडले, कारण नसताना. प्रत्येक वेळी लॉगिन केल्यावर आधी कुणी आल्याची ओळ नाही. पान उघडलं की अभिनंदन.

आता स्पष्टीकरणं. मला सगळी माहीत आहेत. बंद पडलेला आयपी दुसऱ्या गिऱ्हाइकाला दिला जातो — हो, जातो. त्या दुसऱ्या गिऱ्हाइकाला, माझा सर्व्हर जन्मायच्या दोन मिनिटं आधी, त्यात शिरता कसं आलं? कॅश, म्हणजे ब्राउझरनं साठवलेलं जुनं पान? लॅपटॉप नवा होता, आणि शेखभाईंचं काय, परदेशातल्या सपोर्टवाल्याचं काय? मन अपराधी असलं की भास होतात, असं एक डॉक्टर मित्र म्हणाला. फाईलमधल्या अक्षरांना भास होत नाहीत. मी दोन जाणकारांना लॉग, म्हणजे सर्व्हरच्या नोंदी, दाखवले, त्यांनी डोकं खाजवलं आणि विषय बदलला. माझ्याकडे उत्तर नाही. तुमच्यापैकी कुणाकडे असेल तर लिहा, पण मांत्रिकांचे नंबर देऊ नका.

बायकोची ऑर्डर निघाली. पेढे वाटले आम्ही.

आणि शनिवारी, नाव काढल्याच्या दुसऱ्या दिवशी, दुपारी दीडला, वहिनींच्या नंबरवरून फोन आला होता. मी उचलला. प्रज्ञा होती, मागे शाळा सुटल्याचा गलका.

“काका, मॅडमनी मोठ्या स्क्रीनवर उघडली साइट. मी सगळ्यांना म्हणलं, तळाला बघा. नाव न्हाई.”

“अरे... काहीतरी टेक्निकल प्रॉब्लेम असेल बेटा. बघतो मी.”

ती रडत नव्हती. आवाज अगदी साधा होता.

“मी त्या दिवशी मम्मीला म्हणाले होते, फोटो काढून ठेव. मम्मी म्हणाली, काकांनी टाकलंय, आता कुठं जातंय.”

मी “हॅलो... हॅलो... आवाज येत नाहीये बेटा” म्हणालो आणि फोन कापला. आवाज चांगला येत होता.